सहा महिने, मग अकरा महिने

योजनेचं पूर्ण नाव 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना'. आमच्या भागात हे नाव कोणी पूर्ण घेतलेलं मी ऐकलं नाही. पोरं नुसतं 'युवा कार्य' म्हणायची आणि त्यांच्या आया 'लाडका भाऊ' म्हणायच्या. २०२४ च्या जूनमधल्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली, ९ जुलैला या प्रशिक्षणाचा जीआर निघाला आणि आठवड्याभरानं आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी भावांसाठीही सोय केल्याचं सांगितलं. विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती, त्यामुळे नातेसंबंधांना उधाण आलं होतं. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. वय १८ ते ३५. मुदत सहा महिने. दरवर्षी १० लाख तरुणांना याचा लाभ देण्याचं उद्दिष्ट.

मी सांगली जिल्ह्यात आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. आता निवृत्त आहे, पण पोरांकडे नंबर राहिलेला असतो. कुठली भरती निघाली, कुठली योजना आली की फोन येतात. त्या पावसाळ्यात बहुतेकांचा प्रश्न एकच होता, 'सर, घेऊ का हे?' आणि मला छातीठोकपणे 'घेऊ नको' म्हणता येईना. याचं कारण पोरांच्या हिशेबात होतं, आणि तो हिशेब माझ्यापेक्षा त्यांना पक्का येत होता.

चाकण-रांजणगावला ठेकेदाराकडून लागलेल्या पोराच्या हातात सगळी कापाकापी होऊन पंधरा-सोळा हजार पडतात. त्यातून कॉट बेसिसवरच्या खोलीचे पैसे जातात, मेसचे जातात, मोबाईल, महिन्यातून एकदा गावाकडचं जाणं-येणं. उरतात सात-आठ हजार, तेही कोणी आजारी पडलं नाही तर. सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो, म्हणजे घरी बसायचं आणि पुन्हा बोलावतील का याची वाट बघायची. इकडे आपल्याच गावच्या ग्रामपंचायतीत पंख्याखाली बसून ८ हजार मिळणार, तेही थेट खात्यावर. आईच्या हातची भाकरी, सकाळी म्हशीची धार काढून कामावर. मग कशाला जाईल पोरगं चाकणला? सरकारनं प्रशिक्षणाची किंमत ठरवली आणि तिच्यामुळे कारखान्यातल्या नोकरीची खरी किंमतही उघडी पडली. ही त्या योजनेची मला वाटणारी सगळ्यात मोठी कामगिरी. ती बहुधा कोणाच्या मनात नव्हती.

पण मी शिकवला होता फिटर. दोन वर्षं बेंच व्हाइसपुढे उभं राहून, कानस मारून, व्हर्नियर लावून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बघायची नजर ज्याला आली, तो माझा विद्यार्थी ग्रामपंचायतीत बसून लोकांचं ई-केवायसी करत होता. लाडक्या बहिणींचे फॉर्म भरत होता. आयुष्मान कार्ड काढून देत होता. ही कामं हलकी नाहीत, गावाला त्यांची गरज आहे, आणि ग्रामसेवक एकटा तीन गावं बघतो हेही मला माहीत आहे. पण त्याला 'कार्य प्रशिक्षण' म्हणायचं, तर ते कोणत्या कार्याचं? हाताचं कौशल्य वापरात नसलं की उतरतं. अकरा महिन्यांनी त्या पोराला एका वर्कशॉपमध्ये चाचणीला बोलावलं तेव्हा मालकानं त्याला स्क्वेअरमध्ये फायलिंग, म्हणजे कानशीनं अचूक काटकोनात घासकाम, करायला सांगितलं. त्याचं काम बघून मालक एवढंच म्हणाला की अजून थोडा सराव कर आणि ये.

आता मूळ नियम बघा. खासगी उद्योगाला आपल्या मनुष्यबळाच्या १० टक्के, सेवा क्षेत्राला २० टक्के आणि सरकारी आस्थापनांना मंजूर पदांच्या ५ टक्के एवढे प्रशिक्षणार्थी घेता येतील, अशी ती रचना. कागदावर छान आहे. पण उद्योग किमान वीस माणसांचा हवा, तीन वर्षं जुना हवा. आमच्यासारख्या तालुक्यांत असे उद्योग किती? सूतगिरणी, साखर कारखाना, दोन-तीन द्राक्षांची शीतगृहं. मग पोरं जाणार कुठे? तहसील, पंचायत समिती, ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा. आमच्या भागात तरी असंच झालं. ज्या तालुक्यात कारखाने आहेत तिथे पोरांना प्रशिक्षण नकोच असतं, ती थेट लागतात. जिथे कारखाने नाहीत तिथे प्रशिक्षण देणारं सरकारच एकटं उरतं. योजना आखणाऱ्यांनी नकाशा पुढे ठेवला असता तर हे अर्ध्या तासात कळलं असतं.

माझा एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. चार वर्ग, शिक्षक दोन, त्यातला एक तो स्वतः, आणि त्याचा अर्धा वेळ माहिती भरण्यात जातो. त्याला या योजनेतून बी.एड. झालेली एक मुलगी मिळाली. तो सांगत होता की तिसरीच्या पोरांना भागाकार तिनं शिकवला आणि चांगला शिकवला. पालक तिला बाई म्हणायला लागले. सहा महिने संपत आले तेव्हा यानंच वरती लिहिलं की हिला ठेवा. मग २०२५ च्या मार्चच्या सुमारास मुदत पाच महिन्यांनी वाढली आणि एकूण अकरा महिने झाले. अकरा महिने संपले, बाई गेली, वर्ग परत यानं घेतला. यात प्रशिक्षण कोणाला मिळालं असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, 'मला. मला कळलं की माझ्या शाळेला तिसऱ्या शिक्षकाची गरज आहे. ते मला आधीही माहीत होतं म्हणा.'

मुदत संपल्यावर जे होणार होतं तेच झालं. प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. मुंबईत आझाद मैदानावर, नागपुरात अधिवेशनाच्या वेळी, जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर. मागणी एकच, कायम करा. सरकारचं उत्तर असं की ही नोकरी नव्हती, हे प्रशिक्षण होतं, जीआरमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायद्याच्या भाषेत सरकार बरोबर. पण ज्या पोरीनं अकरा महिने हजेरीवर सही केली, वर्ग सांभाळला, शाळेत साहेब तपासणीला आले तेव्हा तेवढ्यापुरती शिक्षिका म्हणूनच उभी राहिली, तिला 'तू शिकाऊ होतीस' हे ऐकायला कसं वाटत असेल? जागा रिकामी आहे, काम रोज होतंय, माणूस समोर आहे, आणि तरी नोकरी नाही. हे गणित तिच्या तिसरीतल्या पोरांनाही सुटलं नसतं.

रिकाम्या जागांचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवी वर्षाच्या निमित्तानं राज्यात ७५ हजार पदं भरण्याची घोषणा झाली. भरती झालीही, नाही असं नाही. त्यातली तलाठी भरती २०२३ ची. जागा साडेचार हजारांच्या थोड्या वर, अर्ज १० लाखांहून अधिक. परीक्षा शुल्क खुल्या गटाला १ हजार रुपये, राखीवला ९००. गुणाकार ज्याचा त्यानं करावा. पुढच्या वर्षीच्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आले. ऐन पावसाळ्यात मैदानी चाचण्या झाल्या आणि पोरं उड्डाणपुलांखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपली. एका जागेमागे शंभर जण. त्यातले नव्व्याण्णव अपात्र होते असं कोणी म्हणू शकेल का? मी त्यांच्यातल्या काहींना शिकवलं आहे. ती पोरं सकाळी पाचला उठून पळत होती, दुपारी अभ्यासिकेत बसत होती. कष्टाची सवय त्यांना होती. दार मात्र एकच होतं आणि ते फार अरुंद होतं.

दरम्यान, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये खासगी एजन्सींमार्फत सरकारी कार्यालयांत कंत्राटी माणसं घेण्याचा जीआर निघाला होता. पोरं खवळली. ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला आणि रद्द करताना, याची सुरुवात आधीच्या सरकारनं केली होती, असं सांगण्यात आलं. ते पूर्ण खोटंही नव्हतं. कायम पद भरायचं टाळणं हा आपल्याकडचा सर्वपक्षीय कार्यक्रम आहे, त्याच्यावर फारसा वाद होत नाही.

आकडेवारीत आणखी एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणायचं म्हणून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारताच्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा आकडा असा की पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांमध्ये ३.४ टक्के. शिकलं की बेकारी वाढते असा याचा अर्थ काढणारे लोक चौकाचौकात भेटतात. सरळ गोष्ट अशी आहे की ज्याच्या घरात चूलच संध्याकाळच्या मजुरीवर पेटते त्याला बेकार राहणं परवडत नाही. तो ऊस तोडायला जातो, बिगारी करतो, मिळेल ते करतो आणि रोजगारात मोजला जातो. बेकार राहायलाही घरात थोडी ताकद लागते, निदान बापाची दोन एकर आणि आईचा जीव. शिवाय घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हात लावणाराही सरकारी पाहणीत 'कामात' धरला जातो. त्यामुळे माझ्या शेजारचा बी.कॉम. पोरगा, जो म्हशी बघतो आणि रात्री चालू घडामोडी वाचतो, तो सरकारच्या लेखी बेकार नाही. त्याच्या होणाऱ्या सासऱ्याच्या लेखी मात्र आहे. सोलापुरात २०२२ च्या डिसेंबरात डोक्याला मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून लग्नाळू पोरांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले. त्या मोर्चामागे मुलींची घटलेली संख्या होती हे खरंच, पण 'नोकरीवालाच पाहिजे' हे वाक्यही होतं. ते वाक्य ज्यांनी ऐकलं नाही असं घर आमच्याकडे शोधून सापडणार नाही.

सरकारनं कामच देऊ नये, बाजार बघून घेईल, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. मी नसायला एक कारण आहे. माझी आई दुष्काळी कामावर होती. १९७२ चा दुष्काळ. मी शाळेत जायच्या वयाचा, पण आठवतं. पाझर तलावाच्या कामावर टोळ्या असायच्या, मुकादम मस्टर घेऊन फिरायचा, बायका खडी फोडायच्या. घरात लाल मिलो, म्हणजे रेशनची ज्वारी, यायचा, शाळेत आणि कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. पुढच्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. गावातून माणूस मुंबईला पळाला नाही, उपाशी मेला नाही, त्याचं मोठं श्रेय त्या मस्टरला आहे.

त्याची मुळं आमच्याच जिल्ह्यातली. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात, मागेल त्याला काम देऊन शेती सुधारण्याचा प्रयोग करून पाहिला. त्यांचा विचार साधा होता. ज्याला काम हवं आहे त्यानं मागायचं, आणि सरकारनं ते दिलंच पाहिजे. दुष्काळात तो विचार राज्यभर पसरला, १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा याचंही उत्तर होतं. शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची ठरलं. माझ्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये कापलेले असायचे, फेब्रुवारीत ३००. सहकारी कुरकुरायचे. मी कधी कुरकुरलो नाही. माझ्या आईनं आधी घेतलं होतं, मी नंतर फेडत होतो.

रोजगार हमीत घोटाळे झाले नाहीत असं कोण म्हणेल? मेलेली माणसं मस्टरवर सह्या करायची. खडीचे ढीग वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून असायचे, कारण खडी फोडण्याचं काम मंजूर होतं, पसरण्याचं नव्हतं. पण दोन गोष्टी तिथे होत्या. एक म्हणजे मजुराच्या हातात मागणीचा अर्ज होता, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर सरकारला भत्ता द्यावा लागत होता, भले तो नाममात्र असेल. ती कृपा नव्हती, देणं होतं. दुसरी गोष्ट १९९० नंतर झाली. रोजगार हमीतून फळबागा लावायला अनुदान मिळायला लागलं. खड्डे घ्यायची मजुरी हमीतून, रोपं हमीतून, पुढची तीन वर्षं जगवायचा खर्चही. आटपाडी, सांगोला, जत या भागांत डाळिंब, बोर, आंबा उभा राहिला तो त्यातून. माझ्या मामाच्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. तिथे बोरं लागली, नंतर डाळिंब आलं, आणि तोडणीला बाहेरून माणसं बोलवायची वेळ आली. मजुरी देण्यासाठी काढलेल्या योजनेनं काही वर्षांनी स्वतःच मजुरी देणारे शेतकरी तयार केले. डाळिंबावर पुढे तेल्या रोग आला, बागा काढाव्या लागल्या, पण तो वेगळा विषय.

युवा कार्य योजनेला मी हीच फुटपट्टी लावतो. मुदत संपल्यावर तिथे काय उरलं? ग्रामपंचायतीत काही हजार केवायसी झाल्या, शाळेत एक वर्ग काही महिने शिकला, पोराच्या खात्यावर पैसे आले. काहींचे उशिरा आले, पण आले. त्यातून कोणी बहिणीच्या लग्नाला हातभार लावला, कोणी पुण्याच्या क्लासची फी भरली. हे सगळं चांगलंच आहे. पण त्याला रोजगाराचं धोरण म्हणायचं धाडस मला होत नाही. मदत म्हणून दिली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

याच्या उलट एक जुनी वाट आहे. ती लोकांना कंटाळवाणी वाटते, पण मी तीस वर्षं बघितली आहे. ती म्हणजे अप्रेंटिसशिप. १९६१ चा कायदा आहे. आयटीआय झाल्यावर पोरगं कारखान्यात, एसटीच्या आगारात, साखर कारखान्यात जायचं आणि एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली उभं राहायचं. आमची काही पोरं किर्लोस्करवाडीला गेली. १९१० पासून चालू असलेला कारखाना तो. तिथे पहिल्या आठवड्यात पोराला कळतं की आयटीआयच्या लेथवर आणि खऱ्या लेथवर काय फरक असतो. मिस्त्री शिव्या देतो, पण शिकवतो, कारण त्याला उद्या त्या पोराकडून काम करून घ्यायचं असतं. ज्यांनी अशी अप्रेंटिसशिप नीट केली त्यातली बहुतेक पोरं कुठे ना कुठे स्थिरावली, मी नावानं सांगू शकतो. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याची गरज असली की शिकवणं होतं, एवढाच अनुभव. ग्रामपंचायतीतल्या संगणकापाशी अशी गरज असलेला मिस्त्री नव्हता.

अर्थात अप्रेंटिसशिपचंही लोकांनी सोनं केलं नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०१३ मध्ये 'नीम' नावाची योजना आणली, काम करता करता शिका म्हणून. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात 'नीम ट्रेनी' ही एक जातच तयार झाली. लाइनवर उभा राहून पर्मनंट माणसाइतकंच काम करायचं, पण कागदावर विद्यार्थी. पीएफ नाही, युनियन नाही, मुदत संपली की नवी बॅच. पुढे ती योजना गुंडाळली गेली, ट्रेनी मात्र वेगवेगळ्या नावांनी चालूच आहेत. शिकाऊ माणसाचं विद्यावेतन कमी असतं म्हणून त्याला शिकवायचं, की कमी असतं म्हणून त्यालाच वापरायचं, हे कारखान्याच्या फाटकापाशी बघायला सरकारचं कोणी उभं नसतं. कामगार कार्यालयांत निरीक्षकांच्या जागा भरलेल्या असत्या तर कदाचित असतं. पुन्हा रिकाम्या जागांवरच आलो.

केंद्रानं २०२४ च्या अर्थसंकल्पात देशातल्या पाचशे मोठ्या कंपन्यांमध्ये इंटर्नशिप जाहीर केली. पाच वर्षांत एक कोटी तरुण. महिना ५ हजार रुपये, मुदत एक वर्ष, वय २१ ते २४. पहिल्या फेरीत कंपन्यांनी ८२ हजारांवर मुलांना बोलावणं पाठवलं, आणि प्रत्यक्ष रुजू झाले नऊ हजारांहूनही कमी. दिल्लीत याचं आश्चर्य वाटलं म्हणे. जतच्या पोराला हैदराबादला ५ हजारांत राहायला सांगितलं तर ते जाईल का, हे त्याच्या आईला विचारलं असतं तरी पुरे होतं. वडिलांचं घर शहरात असेल, किंवा वडील वर्षभर पैसे पाठवणार असतील, त्यालाच ही संधी घेता येते. म्हणजे ज्याला गरज कमी, त्याला दार उघडं.

कर्जाच्या योजनांवर मी फार लिहीत नाही, कारण त्या नावं बदलून येत राहतात. १९९३ ला पंतप्रधान रोजगार योजना होती, २००८ पासून दुसरी आली, राज्याची स्वतःची २०१९ पासून आहे. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यानं आमच्याकडे काही मराठा पोरांचं खरंच भलं झालं, कारण तिथे कर्ज बँकेचं आणि व्याज महामंडळाचं, हिशेब सरळ. पण ज्याच्याकडे तारण ठेवायला काहीच नाही त्याला बँकेच्या खुर्चीत बसलेला माणूस दारातूनच ओळखतो. आणि सुशिक्षित बेरोजगारांना विनानिविदा कामं देण्याची जी सवलत आहे, तिचं काय होतं ते प्रत्येक तालुक्याला माहीत आहे. लायसन्स बेरोजगाराचं, काम दुसऱ्याचं, बेरोजगाराला टक्केवारी. तोही एक रोजगारच म्हणायचा.

आता ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची नवी योजना सुरू आहे. पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना. जवळपास एक लाख कोटी रुपये, साडेतीन कोटी नोकऱ्यांचं उद्दिष्ट. पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला दोन हप्त्यांत १५ हजारांपर्यंत, आणि मालकाला नव्या माणसामागे महिना ३ हजारांपर्यंत. यातली एक गोष्ट मला पटते. कामगाराचा पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर आणि दुसरा वर्ष भरल्यावर मिळतो. म्हणजे कोणाच्या तरी डोक्यात टिकण्याचा विचार आला. न पटणारी गोष्ट अशी की मालकाला मागणी असेल तर तो माणूस घेणारच होता, ३ हजार त्याला वरचे मिळाले. आणि मागणी नसेल तर ३ हजारांसाठी तो पंधरा-सोळा हजारांचा खर्च अंगावर घेणार नाही. मधले काही कुंपणावरचे मालक असतील, त्यांच्यासाठी ही योजना चालेल. ते किती आहेत ते कळायला वेळ लागेल. कळून घ्यायची कोणाला इच्छा आहे का, हा माझा प्रश्न.

कारण आजवर मी ज्या ज्या योजनेच्या जाहिराती वाचल्या त्यात 'इतक्या लाखांना प्रशिक्षण', 'इतक्या हजारांना लाभ' असेच आकडे होते. आमच्याकडेही अहवालात प्रवेशाचा रकाना, उत्तीर्णांचा रकाना. कॅम्पस इंटरव्ह्यूला किती कंपन्या आल्या त्याचा फोटोसकट रकाना. बाहेर पडलेला पोरगा दोन वर्षांनी काय करतोय याचा रकाना नव्हता. मी माझ्या वहीत तो ठेवायचो, फोन करून विचारायचो. वीस पोरांच्या एका बॅचमधली पाच-सहा ट्रेडमध्ये, दोन-तीन पोलिसात किंवा सैन्यात, एखादा रिक्षा-टेम्पोवर, बाकीची 'बघतोय सर, चाललंय' मध्ये. हे 'बघतोय सर' कोणत्याच सरकारी तक्त्यात बसत नाही, आणि सगळी धोरणं नेमकी त्याच्यासाठी काढलेली असतात.

मध्यंतरी जिल्ह्याच्या ठिकाणी एका बैठकीला मला जुना माणूस म्हणून बोलावलं होतं. कौशल्य विकासावर चर्चा होती, चहा आणि क्रीम बिस्किटं होती. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच मागितलं की युवा कार्यच्या प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला मुदत संपल्यावर एक वर्षानं फोन करा, काय करतोस विचारा आणि ते पोर्टलवर नोंदवा. पैसे लागत नाहीत, जीआर लागत नाही. अधिकारी भला माणूस होता, तरुण होता, त्यानं लिहून घेतलं. बैठक संपल्यावर जिन्यात मला गाठून म्हणाला, 'सर, कल्पना चांगली आहे, पण आमच्याकडे मंजूर पदं सात आणि माणसं तीन. फोन करायचे कोणी?'

मी काही बोलायच्या आत त्यालाच सुचलं. म्हणाला, 'दोन युवा प्रशिक्षणार्थी मिळाले तर होईल बघा.'